सुख, उत्पन्न आणि संस्कृती

देशाचे दरडोई उत्पन्न आणि तेथील लोकांनी स्वतःच्या आयुष्याला दिलेले गुण यांच्या संबंधाचा अभ्यास. मापनासाठी बहुधा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिलची शिडी वापरतात. तिच्या पायऱ्या शून्य ते दहा. सर्वांत वरची पायरी म्हणजे उत्तर देणाऱ्याला शक्य वाटणारे उत्तम आयुष्य. आज आपण कितव्या पायरीवर, ते त्याने सांगायचे. वृत्तपत्रांतील ‘आनंदी देशांची यादी’ (२०१८ पासून फिनलंड अग्रस्थानी) या शिडीवरूनच होते. ती खरे तर समाधानाची यादी आहे.

कँट्रिलच्या १४ देशांच्या पाहणीत (प्रसिद्धी १९६५) अमेरिका ६.६, क्यूबा ६.४, पश्चिम जर्मनी ५.३, नायजेरिया ४.८, भारत ३.७ आणि डॉमिनिकन प्रजासत्ताक १.६ असे गुण होते. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड ईस्टरलिन यांनी १९७४ मध्ये हे व इतर आकडे तपासले. एका देशात श्रीमंत हे गरिबांपेक्षा समाधानी असतात, पण देशादेशांत हा संबंध क्षीण दिसतो आणि देशाचे उत्पन्न वाढल्याने समाधान वाढतेच असे नाही, असा त्यांचा निष्कर्ष. हाच ‘ईस्टरलिन विरोधाभास’. मात्र क्यूबातील नमुना शहरी व क्रांतीनंतर लगेचचा होता; डॉमिनिकन आकड्यामागेही राजकीय उलथापालथ होती. स्टीव्हन्सन व वुल्फर्स (२००८) या अर्थशास्त्रज्ञांना अधिक देशांच्या सामग्रीत निराळे चित्र आढळले: उत्पन्न दुप्पट झाले की, देश गरीब असो वा श्रीमंत, गुणांत साधारण सारखीच भर पडते. देशांच्या तुलनेपुरते हे मत अधिक ग्राह्य दिसते. देशाचे उत्पन्न दीर्घकाळ वाढल्याने समाधान वाढते का, हा वाद चालू आहे.

संस्कृतीचा परिणाम उत्पन्नाने न उलगडणाऱ्या, उरलेल्या फरकात शोधतात. लॅटिन अमेरिकी देश उत्पन्नाच्या मानाने वरच्या पायरीवर, तर जपान खाली आढळतो. पहिल्याचे श्रेय नातेसंबंधांना देतात. दुसऱ्याचे कारण टोकाचे उत्तर टाळण्याची सवय, असे काहींचे म्हणणे.

भाषांतराची अडचण सोलापुरात एका गल्लीतच भेटते. मराठीतील ‘समाधान’, कन्नडमधील ‘नेम्मदी’ (मनाची निश्चिंती), उर्दूतील ‘इत्मिनान’ आणि तेलुगूतील ‘तृप्ती’ यांच्या छटा वेगळ्या. शेवटचा शब्द मराठीत बहुतेक जेवणानंतरच निघतो. उत्पन्नाची बाजूही सरळ नाही. पूर्व भागात विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजारी, म्हणजे हजार विड्यांमागे, ठरते. ‘वर्षाला किती?’ या प्रश्नाला तिच्याकडे तयार आकडा नसतो. शेजारणीच्या किती झाल्या, हे मात्र ती लगेच सांगते.