अक्षर घडते ते हाताच्या हालचालीतून

शाळांच्या डिजिटलीकरणात स्वीडन हा अनेक वर्षे आघाडीचा देश मानला जात असे. त्याच स्वीडनच्या सरकारने 2023 मध्ये बालवाड्यांतील डिजिटल साधनांची सक्ती मागे घेण्याचे ठरवले आणि शाळांतील छापील पुस्तकांसाठी 68.5 कोटी क्रोनर मंजूर केले. चौथीच्या मुलांच्या वाचनक्षमतेच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत या देशाचे सरासरी गुण 2016 मध्ये 555 होते, ते 2021 मध्ये 544 वर आले होते. या घसरणीचे सगळे खापर पडद्यावर फोडणे घाईचे ठरेल; तरीही वही आणि पुस्तक बाजूला सारून मुलांच्या हाती टॅबलेट दिल्यावर शिकण्याच्या प्रक्रियेत नेमके काय बदलते, हे तपासण्याजोगे आहे.

लेखनाबाबतचा पुरावा मला सर्वांत बोलका वाटतो. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या कॅरिन जेम्स यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, अद्याप वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांनी काही अक्षरे हाताने काढली, काही गिरवली आणि काही कळ दाबून उमटवली. नंतर हीच अक्षरे पाहताना त्यांच्या मेंदूचे चित्रण केले असता, वाचनाशी निगडित भाग प्रामुख्याने स्वतः हाताने काढलेल्या अक्षरांना प्रतिसाद देताना दिसले. मुलाने काढलेले अक्षर दर वेळी थोडे वाकडे, थोडे लहान-मोठे येते, आणि या विविधतेतूनच त्या अक्षरात काय बदलले तरी चालते व काय बदलून चालत नाही, हे मेंदूला उमगत असावे, असे यामागचे स्पष्टीकरण दिले जाते.

देवनागरीत हा मुद्दा चटकन लक्षात येतो. ‘म’ आणि ‘भ’, किंवा ‘घ’ आणि ‘ध’, यांत पहिलीतली मुले हमखास गोंधळतात, कारण सारा फरक डावीकडची गाठ आणि शिरोरेषेतील खंड एवढ्यातच असतो. पाटीवर ‘भ’ काढणाऱ्या मुलाला ती गाठ वळवावी लागते आणि शिरोरेषा कोठे तोडायची हे ठरवावे लागते. याउलट रोमन कळफलकावर ‘बी’ आणि ‘एच’ या कळा दाबून पडद्यावर तयार ‘भ’ मिळवणाऱ्या मुलाच्या बोटांना त्या गाठीचा पत्ताही लागत नाही.

मात्र येथे कागदालाच सारे श्रेय देऊन चालणार नाही. नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथे 36 विद्यार्थ्यांच्या डोक्यावर 256 संवेदक बसवून केलेल्या आणि 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हाताने लिहिताना मेंदूच्या विविध भागांतील समन्वय टंकलेखनापेक्षा बराच व्यापक आढळला. पण हे विद्यार्थी स्पर्शपडद्यावर डिजिटल पेनने लिहीत होते. म्हणजे लेखनात कळीची गोष्ट हाताची हालचाल ही आहे.

वाचनाचे गणित थोडे वेगळे आहे. 2000 ते 2017 या काळातील 54 अभ्यासांचे, मिळून 1,70,000 हून अधिक वाचकांचे, एकत्रित विश्लेषण 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना तो अधिक चांगला समजतो, आणि वेळेचे बंधन असेल तर हा फरक वाढतो, असे त्यातून दिसले. गोष्टींच्या बाबतीत असा फरक आढळला नाही. इतिहासाचा किंवा विज्ञानाचा धडा अभ्यासासाठी वाचायचा असेल, तर तो छापील पुस्तकातूनच वाचावा, असे मला या आधारे ठामपणे वाटते.

मग उपकरणांचा उपयोग कोठे? पेरूच्या ग्रामीण भागातील 318 प्राथमिक शाळांच्या अभ्यासात, मुलांना नुसते लॅपटॉप वाटल्याने गणित आणि भाषेच्या चाचण्यांत फरक पडल्याचे दिसले नाही. दिल्लीत मात्र मुलाच्या उत्तरांनुसार पुढचा प्रश्न निवडणाऱ्या ‘माइंडस्पार्क’ या प्रणालीवरील सराव आणि लहान गटातील शिकवणी यांची जोड दिल्यावर, साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी या दोन्ही विषयांत लक्षणीय प्रगती झाली. तेथील सहावीची मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती, आणि छापील पुस्तक तर सर्वांसमोर सहावीचाच धडा ठेवते. प्रत्येकाला त्याच्या पातळीचे उदाहरण देणे हे काम पुस्तकाच्या आवाक्याबाहेरचे आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली, तीही मला याच कारणासाठी महत्त्वाची वाटते: मुलाच्या हातातले पुस्तक कायम राहिले आणि ध्वनी व चित्रफिती यांसारख्या, कागदावर मावत नाहीत तेवढ्याच गोष्टी उपकरणाकडे गेल्या.