मॅथ्स ठेवायचं की सोडायचं? एका जुन्या रेघेची पार्श्वभूमी

"मामा, मॅथ्स सोडलं तर काय होते?" भाच्याने हे विचारलं तेव्हा दहावीचा निकाल लागून दोन दिवस झाले होते, बाहेर ४४ अंश होते आणि कूलरच्या टाकीत पाणी भरायची पाळी माझी होती. "सर म्हणून राहिले, ठेव. आई म्हणते, झेपत नसेल तर सोड." गणितात त्याला १०० पैकी ७१ पडले होते. सोडायला जास्त, ठेवायला कमी. अकरावी सायन्सला पीसीएम, पीसीबी आणि पीसीएमबी अशा तीन वाटा. शिवाय ज्याला जीवशास्त्र नको त्याच्यासाठी बायफोकल, म्हणजे त्याऐवजी एखादा व्यावसायिक विषय, आहेच.

मला मात्र वेगळंच खटकलं. हाच प्रश्न त्याने वर्षभर आधी विचारला असता तर घरातले सगळे हसले असते. दहावीपर्यंत गणित सोडताच येत नाही आणि अकरावीला फॉर्मवरच्या एका खुणेने सुटतं. ही रेघ बरोबर दहावीवर कुणी मारली? आणि त्यापुढचं गणित, म्हणजे विकलन, संकलन, सदिश, मॅट्रिक्स वगैरे, सगळ्यांनाच लावावं की नाही, हा वाद आला कुठून?

जुन्या पंतोजींच्या शाळेत असा वाद होण्याचं कारण नव्हतं. तिथे पाढ्यांच्या पुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असायची. शेराला अडीच आणे भावाची साडेतीन शेर डाळ घेतली, तर अडीचकी पाठ असलेला माणूस 'पावणेनऊ आणे' म्हणून मोकळा. कागद नाही, पेन्सिल नाही. अपूर्णांकांचा गुणाकार म्हणजे त्या काळच्या मानाने चांगलंच वरचं गणित, पण ते दुकानात, शेतसाऱ्यात, सावकाराच्या वहीत रोज लागायचं. कशाला शिकायचं, हे कुणाला सांगावं लागत नव्हतं.

१८५४ मध्ये नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि नागपूर त्याची राजधानी. इंग्रजी हायस्कुलं आली, मग १८८३ मध्ये हिस्लॉप कॉलेज, १८८५ मध्ये मॉरिस कॉलेज. इथे एक गोष्ट पुण्या-मुंबईच्या वाचकाला ठाऊक नसते: आपली परीक्षा मुंबई विद्यापीठाची नव्हती. नागपूर आधी कलकत्ता विद्यापीठाच्या हद्दीत, नंतर अलाहाबादच्या, आणि १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ निघालं तेव्हा कुठे स्वतःच्या. मुंबईकडे मॅट्रिक म्हणत, तर कलकत्त्याच्या हद्दीत त्याच पायरीला एन्ट्रन्स. हे नाव जास्त प्रामाणिक वाटतं मला. ती कॉलेजच्या दारावरची परीक्षा होती, आणि त्या दारात अंकगणित, बीजगणित आणि युक्लिडची भूमिती इंग्रजीतून उभी होती. पावणेनऊ आणे चुटकीसरशी सांगणाऱ्या पोराला आता 'त्रिकोणाच्या दोन बाजू समान असतील तर' हे परक्या भाषेत घोकावं लागत होतं, आणि का, ते सांगणारं कुणी नव्हतं. कॉलेजला लागतं म्हणून.

कॉलेजला तरी का लागतं? त्या काळचं उत्तर होतं, गणिताने बुद्धीला व्यायाम होतो. हे काही आपल्याकडचं खूळ नव्हे. अमेरिकेत १८९२ मध्ये 'दहा जणांची समिती' नेमली गेली होती. हार्वर्डचे चार्ल्स एलियट तिचे अध्यक्ष. हायस्कूलमध्ये कुठलाही विषय शिकवायचा तर तो कॉलेजला जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या मुलांना एकाच पद्धतीने शिकवावा, असं तिने सांगितलं. विचार उदार होता, पण त्याच्या मुळाशी तोच 'व्यायाम' होता. पुढे १९०१ मध्ये थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून पाहिले. एका प्रकारच्या सरावाने दुसऱ्या कामात प्रगती होते ती दोन्हींत जेवढं साम्य असेल तेवढीच, असा त्यांचा निष्कर्ष. भूमिती घोकली म्हणून माणूस न्यायालयात तर्कशुद्ध बोलेल, याची हमी नाही. सव्वाशे वर्षं होत आली, तरी पालक-सभेत 'मॅथ्सने डोकं चालतं' हे वाक्य हमखास ऐकू येतं. खोटं नाही ते, पण किती खरं, हे विचारायला हवं.

आता आत्या. ती नागपूरच्या महाल भागातल्या एका शाळेत होती, पन्नासच्या दशकाच्या शेवटी. मुदलियार आयोगाचा (१९५२-५३) जमाना. या आयोगाने माध्यमिक शाळेत सात गट सुचवले होते: मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललित कला आणि गृहविज्ञान. सगळ्यांना सक्तीचं गणित होतं ते सामान्य विज्ञानाच्या पोटात, तेही पहिली दोनच वर्षं. पुढे गटाप्रमाणे. कागदावर हे फार सुंदर दिसतं. ज्याची जी आवड, त्याला ते. आत्याच्या वर्गात घडलं असं, की बाई यादी घेऊन आल्या आणि मुलींची नावं गृहविज्ञानात वाचून दाखवली. आत्याला अंकगणितात पैकीच्या पैकी असायचे. तिने हात वर केला, बाई म्हणाल्या, "तुला काय करायचंय गं बीजगणिताचं?" आजोबांनीही तेच म्हटलं. पर्याय होता, निवड झालेली होती, फक्त ती करणारी आत्या नव्हती.

त्यामुळे गणित ऐच्छिक करा म्हटलं की मला सर्वांत आधी त्या यादीची आठवण होते.

१९६२ च्या हंसा मेहता समितीने मुला-मुलींसाठी वेगवेगळे अभ्यासक्रम नकोत, अशी भूमिका घेतली. तिच्या मागोमाग डॉ. दौलतसिंह कोठारींचा आयोग आला (१९६४-६६). कोठारी पदार्थविज्ञानाचे, आणि जगात काळही तसाच होता. १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडल्यापासून अमेरिकेत शाळेच्या गणिताची मोडतोड चालू होती. 'नवं गणित' नावाची लाट आली होती आणि आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत 'संच' आले ते तिच्याच बरोबर. कोठारी आयोगाने सांगितलं: गणित आणि विज्ञान शाळेची पहिली दहा वर्षं सर्वांना सक्तीचं. मुलींना या विषयांकडे वळवण्यावरही भर दिला. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने हे उचललं, दहा अधिक दोन अधिक तीन असा आराखडा ठरला.

दरम्यान आपली पाटी पुन्हा बदलली होती. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी, मग द्विभाषिक मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९६५ चा मंडळाचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६६ पासून राज्य मंडळ सुरू झालं. नागपूरला विभागीय मंडळ मिळालं. अकरावीची जुनी एसएससी गेली आणि नव्या आराखड्याप्रमाणे दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये झाली. भाच्याच्या फॉर्मवरची रेघ ती ही. दहावीपर्यंत सगळ्यांना, पुढे ज्याला हवं त्याला. तिच्यामागे विचार आहे, नुसती सवय नाही, एवढं मान्य करायला हवं.

पण रेघ मारली की तिच्यावर टोलनाका बसतो. आमच्या वेळी दहावीचं गणित १५० मार्कांचं, बीजगणित ७५ आणि भूमिती ७५. नववीच्या पहिल्या दिवशी कंपासपेटीतला नवा गुण्या आणि टोकदार कर्कटक पाहून जे वाटायचं ते ऑक्टोबरपर्यंत टिकायचं नाही. वर्तुळाला बाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढताना शेजारच्याचं कर्कटक घसरलं तर वहीला आरपार भोक. प्रमेयं पाठ करायची, 'पक्ष', 'साध्य', 'सिद्धता' या क्रमाने, आणि आकृतीतली अक्षरं बदलली की वर्ग गप्प. सरांनी एकदा त्रिकोण 'अबक' ऐवजी 'पफब' काढला तर अर्ध्या वर्गाने प्रमेय 'आलेलं नाही' म्हणून सोडून दिलं. मीही.

बारावीच्या गणिताचं मोल खरं वाढलं ते ऐंशीच्या दशकात. त्याआधी नागपुरात इंजिनिअर व्हायचं म्हणजे १९६० मध्ये सुरू झालेलं व्हीआरसीई, जे आज व्हीएनआयटी आहे, नाहीतर १९४२ चं एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट. जागा मोजक्या. १९८३ मध्ये महाराष्ट्राने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं आणि १९८४ मध्ये नागपुरात वायसीसीई आणि रामदेवबाबा ही दोन्ही कॉलेजं उभी राहिली. मग बारावीचं गणित हे ज्ञान राहिलं नाही, तिकीट झालं. धरमपेठ, रामदासपेठेत ट्युशनच्या पाट्या लागल्या. ज्याला इंजिनिअर व्हायचं नाही तोही 'असू द्या, दार बंद नको' म्हणून गणित ठेवू लागला. नियमाने ऐच्छिक असलेला विषय मोहल्ल्याने सक्तीचा केला. सरकारची सक्ती निदान अध्यादेशाने मागे घेता येते.

या सगळ्याकडे सरळ बोट दाखवलं ते २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी आर. रामानुजम यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या गणितावरच्या टिपणाने. शाळेचं गणित उंच आणि काटकुळं झालंय, असं त्यात म्हटलंय. दर इयत्ता पुढच्या इयत्तेची तयारी, आणि मधेच थांबणाऱ्या मुलाच्या हाती काहीच नाही. भीती आणि अपयश यांना त्यात पहिलं स्थान आहे. मला या वादातलं हे सर्वांत नेमकं निदान वाटतं. 'किती गणित सक्तीचं' याहून, जिथे थांबलो तिथे हातात काय उरलं, हे महत्त्वाचं.

त्यानंतरची वीस वर्षं भराभर सांगून टाकतो, कारण त्यांत निर्णय पुष्कळ आणि दिशा थोडी. काही वर्षं आपल्या मंडळात नववी-दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी 'सामान्य गणित' घेता येत होतं. २०१६ मध्ये ते बंद करायचं ठरलं. त्याच सुमारास गुणपत्रिकेवरचा 'नापास' हा शेरा जाऊन 'कौशल्य विकासासाठी पात्र' आला. जून २०१७ मध्ये अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांविषयीच्या एका याचिकेच्या सुनावणीत मुंबई उच्च न्यायालयानेच मंडळाला विचारलं, ज्यांना पुढे कला शाखेला जायचंय त्यांना गणित ऐच्छिक का नको? २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं आणि सगळा महाराष्ट्र पेटला. गणितज्ञ मंगला नारळीकर बिचाऱ्या शांतपणे समजावत होत्या, की मुलांना संख्या वाचायला सोपं जावं म्हणून हे केलंय. गणितावर आपण इतक्या जोरात फक्त तेव्हाच बोललो, आणि तेही खरं तर मराठीवर.

सीबीएसईने २०२० च्या परीक्षेपासून दहावीला 'स्टँडर्ड' आणि 'बेसिक' अशा दोन गणितांच्या परीक्षा सुरू केल्या. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय धोरणातही विषय दोन पातळ्यांवर शिकवता येतील, सुरुवात गणितापासून करावी, असं आहे. २०२१ मध्ये एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, इंजिनिअरिंगला बारावीचं गणित नसलं तरी चालेल अशी वाट ठेवली, गदारोळ झाला, मग गणित महत्त्वाचंच आहे असा खुलासा झाला. गंमत अशी, की अमेरिकेत याच काळात उलटसुलट चालू होतं. सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ मध्ये आठवीतलं बीजगणित नववीवर ढकललं, सगळ्यांना एकत्र ठेवायचं म्हणून. मार्च २०२४ मध्ये तिथल्या मतदारांनी ते परत आठवीत आणा म्हणून कौल दिला. ब्रिटनमध्ये ऋषी सुनक यांनी जानेवारी २०२३ मध्ये १८ वर्षांपर्यंत सगळ्यांना कुठल्या ना कुठल्या स्वरूपात गणित हवं असं जाहीर केलं.

आणि २०२४ मध्ये आपल्या राज्याच्या नव्या आराखड्यात प्रस्ताव आला: दहावीला गणित आणि विज्ञानात ३५ ऐवजी २० मार्कांवरही पुढे जाऊ द्यायचं, पण गुणपत्रिकेवर शेरा मारायचा, की या विद्यार्थ्याला पुढे हे विषय घेता येणार नाहीत. हे वाचून मी थबकलो. नापासाचा शिक्का पुसायचा आणि त्याच कागदावर दुसरा मारायचा. सोळाव्या वर्षी. २० मार्कवाल्या मुलाला गणित आलं नाही की कुणी शिकवलं नाही, यातला फरक त्या शेऱ्यात कुठे मावणार? गडचिरोलीच्या शाळेतलं पोर आणि धरमपेठेत तीन ट्युशन लावलेलं पोर, दोघंही याच नागपूर मंडळाचा पेपर लिहितात.

भाच्याने शेवटी पीसीएमबी भरलं. म्हणजे निर्णय दोन वर्षं पुढे ढकलला, आणि त्याबद्दल फी मात्र दोन्हींची. रविवारी आत्याकडे गेलो तेव्हा त्याने तिला सांगितलं, की बारावीला गणिताचा पेपर ८० चा आणि २० मार्कांचं प्रॅक्टिकल.

"गणिताचं प्रॅक्टिकल?" आत्या खुर्चीत सावरून बसली. "त्यात काय करता रे?"

"जर्नल लिहायचं."

"आमच्या गृहविज्ञानालाही होतं प्रॅक्टिकल," ती म्हणाली. "शंकरपाळे. पाव किलोला साखर किती, तूप किती, ते बाईंना येत नसे. मीच सांगायची."