जिवाणूंच्या औषध-प्रतिरोधाची देशव्यापी नोंद: पुण्यातल्या लॅबने तयारी काय करायची?

कुठल्या जिवाणूवर कुठलं औषध चालेनासं झालं, याची देशभरातल्या लॅबकडून नोंद घेणारी सरकारी नेटवर्क आहेत. ‘त्या सरकारी नेटवर्कचा फॉर्म कुठे मिळतो?’ लहान हॉस्पिटलांकडून पहिला प्रश्न हाच येतो. मी उलट विचारते, कल्चरचं, म्हणजे नमुन्यातले जिवाणू वाढवून पाहण्याच्या चाचणीचं, रजिस्टर कसं ठेवता?

आधी पात्रता. दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचं ‘नार्स-नेट’ मुख्यतः सरकारी मेडिकल कॉलेजांच्या लॅबवर उभं आहे, पुण्यात बी. जे. मेडिकल त्यात आहे. आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) नेटवर्क वेगळं, 2013 पासूनचं. खासगी लॅबने निदान तशी माहिती ठेवायला लागावं. त्यासाठीचं व्होनेट सॉफ्टवेअर जागतिक आरोग्य संघटना फुकट देते.

कागदपत्रांची फाइल लवकर होते: मायक्रोबायोलॉजिस्टची पदवी व नोंदणी, कामाच्या लेखी पद्धती, बाह्य गुणवत्ता चाचणीचे निकाल, जैववैद्यकीय कचऱ्याची परवानगी, असल्यास एनएबीएलचं (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं) प्रमाणपत्र. यात रोजच्या गुणवत्ता तपासणीची वही सगळ्यात बोलकी. ई. कोलाय 25922 सारख्या प्रमाणित स्ट्रेनवर (गुणधर्म आधीच माहीत असलेल्या जिवाणूवर) औषधाची डिस्क लावून झोन, म्हणजे डिस्कभोवती जिवाणू न वाढलेलं वर्तुळ, मोजल्याच्या तारखा त्यात हव्यात. पाहणीच्या आदल्या रात्री एकाच पेनाने भरलेली वही लगेच ओळखू येते!

अडतं ते नोंदींवर. रिपोर्टात नुसतं ‘रेझिस्टंट’ लिहून भागत नाही, झोन मिलिमीटरमध्ये हवा. निकष बदलले की जुना आकडा पुन्हा तपासता येतो. कोलिस्टिन या प्रतिजैविकाची साधी डिस्क चालत नाही, ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनसारखी (द्रवात औषधाचं प्रमाण बदलत जिवाणू वाढतो का ते पाहण्याची) पद्धत लागते.

समजा, आयसीयूतल्या एका आजोबांचं रक्त महिन्यात पाचदा कल्चरला आलं आणि पाचही वेळा क्लेबसिएला हा जिवाणू वाढला. उपचारासाठी पाचही रिपोर्ट महत्त्वाचे, पण प्रतिरोधाची टक्केवारी काढताना पहिलाच धरायचा. नाहीतर एकाच पेशंटमुळे अख्ख्या वॉर्डचा आकडा फुगतो. म्हणून पेशंटचा क्रमांक प्रत्येक वेळी तोच हवा. दर खेपेला नवा केसपेपर काढायची सवय इथेच महागात पडते.

सोबत दाखल झाल्याची आणि नमुना घेतल्याची तारीख हवी. दोन दिवसांहून जास्त अंतर असेल तर संसर्ग हॉस्पिटलातला धरतात. ही तारीख लॅबकडे नसते, वॉर्डातून येते. तेव्हा मागणी-फॉर्मवर तिचा रकाना छापून घ्या, आणि तो रिकामा आला की सिस्टरना तिथल्या तिथे फोन लावा.