बावीस पो, एक गेंडा

दक्षिण व्हिएतनाममधल्या कात तिएन राष्ट्रीय उद्यानात २००९-१० मध्ये एक पथक प्रशिक्षित कुत्री घेऊन रान पालथं घालत होतं. कुत्र्यांचं काम एकच, गेंड्याचं शेण हुडकायचं. गेंडा काही कुणाच्या नजरेला पडत नव्हता. गोळा झाले ते शेणाचे २२ नमुने.

शेणावरून गेंडे मोजता येतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशी शेणाला चिकटून बाहेर पडतात आणि त्यांतल्या डीएनएवरून कुठला पो कुणाचा हे ओळखता येतं. ताजा पो मिळायला हवा, आणि वरवरचा थर खरवडून घ्यायचा, कारण पेशी तिथंच असतात. अशी तपासणी झाली आणि उत्तर आलं: बावीसच्या बावीस पो एकाच गेंड्याचे.

तोवर तो गेंडाही गेलेला होता. एप्रिल २०१० मध्ये त्याचा सांगाडा सापडला. पायात गोळी, शिंग कापून नेलेलं. २०११ मध्ये जाहीर झालं की जावन गेंड्याची व्हिएतनाममधली उपजात संपली.

जावन गेंडा आपल्या आसामातल्या गेंड्यासारखाच एकशिंगी, पण अंगानं लहान. त्याच्या तीन उपजाती. एक आपल्याकडे, बंगाल-आसामपासून ब्रह्मदेशापर्यंत होती. ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच संपली. सुंदरबनात कधीकाळी गेंडे होते हे आज किती जणांना ठाऊक असेल?

व्हिएतनामची उपजातही युद्धानंतर संपली असंच धरून चालले होते. मग १९८८ मध्ये डोंग नाय नदीच्या खोऱ्यात एका शिकाऱ्यानं गेंडा मारला, शिंग विकायला काढलं, आणि जगाला कळलं की गेंडे आहेत! ते जिवंत असल्याचा पुरावा म्हणून हाती आला तो मेलेला गेंडा. पुढच्या वर्षी पावलांच्या ठशांवरून अंदाज बांधला, दहा ते पंधरा. जिवंत गेंड्याचा फोटो मिळायला १९९९ उजाडलं, तोही आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्यानं.

राखीव जंगल होतं, रक्षक होते, बाहेरून पैसाही येत होता. पण गेंड्याच्या भागात शेती आणि वस्ती आत सरकत राहिली, फासे लागत राहिले. शिंग म्हणजे केराटिन, आपल्या नखांत असतं तेच. तरी औषध म्हणून त्याला सोन्याचा भाव. दहा-पंधरा जनावरांत एकेक मारलं गेलं की उरलेल्यांची गाठ पडणंही मुश्किल, मग पिल्लं कुठून होणार? माझ्या मते खरी वेळ नव्वदच्या दशकातच निघून गेली. कुत्री आली तेव्हा मोजण्यापुरतंच काम उरलं होतं.

तिसरी उपजात जावा बेटाच्या पश्चिम टोकाला, उजुंग कुलोनच्या जंगलात आहे. सगळे मिळून शंभरही नाहीत. २०२४ मध्ये इंडोनेशियाच्या पोलिसांनी सांगितलं, पकडलेल्या टोळ्यांनी २०१९ पासून २६ गेंडे मारल्याची कबुली दिली आहे.