शब्दांतर समायोजन

मजकुराच्या डाव्या व उजव्या कडा सरळ रेषेत याव्यात म्हणून प्रत्येक ओळीतील शब्दांमधली मोकळी जागा कमी-जास्त करण्याची क्रिया. डीटीपीच्या, म्हणजे संगणकावरील पानजुळणीच्या, व्यवहारात ‘मॅटर जस्टिफाय करणे’ हाच शब्दप्रयोग रूढ आहे. वर्डमध्ये कंट्रोल आणि जे या कळा एकत्र दाबल्या की ते होते. खरे काम त्यानंतर सुरू होते.

मराठीत दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत फार जुनी दिसत नाही. देवनागरी पोथ्यांत अक्षरे सलग लिहीत. उजवी कड सरळ राखण्यासाठी समासाच्या उभ्या रेषा आधी आखून घेत आणि ओळीच्या शेवटी जागा उरली तर दंड किंवा पूरक रेघ मारून ती भरत. मोडीत तर पानभर शिरोरेषा आधी ओढून तिला अक्षरे टांगत. तिथे शब्दांतर हा प्रश्नच नव्हता. शब्द सुटे करण्याची शिस्त मुद्रणाबरोबर, म्हणजे १९व्या शतकाच्या पूर्वार्धात, स्थिरावली असे सामान्यतः मानतात. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालमधील श्रीरामपूरला छापले गेले, त्याचा दाखला या संदर्भात देता येतो. शब्द तोडण्याची सवय हस्तलिखितांतच हळूहळू येत होती, असेही म्हणता येईल. परंतु कड सरळ करण्यासाठी शब्दांतरच ताणणे ही कल्पना खिळ्यांच्या (धातूच्या सुट्या अक्षरांच्या) जुळणीतून आली, हे अधिक ग्राह्य वाटते. पोथीचा लेखक ओळीचे टोक भरत असे. जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा, ओळीचे पोट भरू लागला. युरोपात गुटेनबर्गच्या ४२ ओळींच्या बायबलमध्ये (सु. १४५५) शब्दांची संक्षिप्त रूपे व कमी-जास्त रुंदीचे जोडखिळे वापरून कड साधलेली दिसते.

खिळ्यांच्या छपाईत जुळारी स्टिकमध्ये (खिळे रचण्याच्या हातातील पट्टीत) ओळ भरत आणली की आधीच्या स्पेस काढून जाड किंवा पातळ स्पेस घालीत असे. या स्पेस एमच्या (अक्षराच्या मापाइतक्या रुंदीच्या) तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या हिश्शाच्या असत. आजचे सॉफ्टवेअर हेच गणित करते. समजा, ११ पॉइंट (पॉइंट हे अक्षरमापाचे एकक) अक्षरात साधी स्पेस ३ पॉइंटची आहे आणि ओळीत १८ पॉइंट जागा उरली. ओळीत दहा शब्द असतील तर नऊ फटींत प्रत्येकी २ पॉइंटची भर पडते आणि फट ५ पॉइंटची होते. डोळ्याला फारशी खुपत नाही. त्याच ओळीत चारच शब्द असतील तर तीन फटी प्रत्येकी ९ पॉइंटच्या होतात, म्हणजे तिप्पट. अशा ओळी एकाखाली एक आल्या की मजकुरात पांढरा ओहळ वाहिल्यासारखा दिसतो. विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिल्याने मराठी शब्द लांबतात. ‘त्र्यंबकेश्वरमधील’, ‘महानगरपालिकेच्या’, ‘सिंहस्थासाठीच्या’ असे शब्द नाशिकच्या वृत्तपत्राच्या अरुंद कॉलमात लागोपाठ आले की हा दोष हमखास उद्भवतो.

रोमन लिपीत उरलेली जागा थोडी अक्षरांमध्येही वाटता येते. देवनागरीत ती वाट बंद आहे. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा पुढच्या अक्षरावर किंचित चढलेली असते. अक्षरांतर थोडे वाढवले तरी ती तुटते. श्री-लिपी किंवा आयएसएम या मराठी टंकनप्रणालींच्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉंटमध्ये काना, वेलांटी व अर्धी अक्षरे सुटी असल्याने ती मूळ अक्षरापासूनच निसटतात. पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांतराची मूळ मूल्ये (किमान, इष्ट व कमाल) उणे ५, ० व २५ टक्के असतात. ती तिन्ही शून्य केल्याशिवाय मराठी मजकूर जस्टिफाय करू नये. वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-जे ही जोडी ओळीत अक्षरेही पसरवते, म्हणून मराठीसाठी ती निरुपयोगी, किंबहुना घातक आहे.

इनडिझाइन या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर (ओळी पाडणारी सोय) निवडावा. जस्टिफिकेशनच्या चौकटीत शब्दांतराची मूळ मूल्ये ८०, १०० व १३३ टक्के असतात. अरुंद कॉलमासाठी ७५, १०० व १५० ठीक. अक्षरांतर तिन्ही ठिकाणी शून्य. ग्लिफ स्केलिंग, म्हणजे अक्षराची रुंदी, ९८ ते १०२ टक्के ठेवता येते, कारण त्यात अक्षर शिरोरेषेसकट रुंदावते व जोड तुटत नाही. त्यापलीकडे उभ्या दांड्यांची जाडी वेगळी दिसू लागते. प्रेफरन्सेसमधील एच-अँड-जे (शब्दतोड व जस्टिफिकेशन) उल्लंघनाचा पर्याय सुरू केला की बिघडलेल्या ओळींवर पिवळा रंग चढतो. हा कंपोझर संपूर्ण परिच्छेद एकत्र तोलतो. त्यामागची कल्पना डोनाल्ड कनुथ व मायकेल प्लास यांनी १९८१ मध्ये मांडली होती. कनुथ यांच्या टेक (TeX) या अक्षरजुळणी प्रणालीत १० पॉइंटची मूळ स्पेस ३.३३ पॉइंट असून ती १.६७ ने फुगू आणि १.११ ने आकसू शकते.

वर्डमध्ये अशी मूल्ये मिळत नाहीत. २०१० पर्यंतच्या आवृत्त्यांत ऑप्शन्स, अॅडव्हान्स्ड, लेआउट ऑप्शन्स येथे वर्डपरफेक्ट या जुन्या लेखन-सॉफ्टवेअरप्रमाणे जस्टिफाय करण्याचा पर्याय होता. त्याने स्पेस आकसूही शकत. हाताने करायचे तर परिच्छेद निवडून कंट्रोल-एच दाबावे, शोधण्याच्या व बदलण्याच्या दोन्ही रकान्यांत एकेक स्पेस टाकावी आणि बदलण्याच्या रकान्याला फॉंट, अॅडव्हान्स्ड, स्पेसिंग येथून ‘कंडेन्स्ड’ ०.३ पॉइंट द्यावे. बदल फक्त स्पेसला लागतो, शिरोरेषा शाबूत राहते. १२ पॉइंटच्या मजकुरात ०.५ च्या पुढे गेल्यास शब्द चिकटतात.

बऱ्याच तक्रारींचे मूळ मात्र टंकनात असते. कंट्रोल-शिफ्ट-८ दाबून खुणा पाहाव्यात. परिच्छेद संपवताना शिफ्ट-एंटर दिले असेल तर शेवटची अर्धी ओळ कडेपर्यंत ताणली जाते. तिथे साधे एंटर हवे. स्वल्पविरामाआधी स्पेस असेल तर तो एकटाच पुढच्या ओळीत उतरतो. पीडीएफ किंवा वेबवरून चिकटवलेल्या मजकुरात न तुटणाऱ्या स्पेस आल्या की काही आवृत्त्यांत त्या ताणल्याच जात नाहीत आणि इतर फटी दुप्पट फुगतात. त्या शोधून साध्या स्पेसने बदलाव्यात. नाशिकला न्यायालयीन अर्ज टंकणारे असोत की यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे प्रकल्प अहवाल बांधून देणारे, हे दोष सर्वत्र सारखेच आढळतात.

शब्द तोडल्याने फटी सर्वाधिक आवरतात. वर्डमध्ये कंट्रोल-हायफनने ऐच्छिक संयोगचिन्ह (शब्द ओळीच्या शेवटी तुटला तरच दिसणारे) टाकता येते: ‘महानगर-पालिकेच्या’, ‘त्र्यंबक-ेश्वर’ नव्हे तर ‘त्र्यंब-केश्वर’. ते जोडाक्षराच्या आत पडल्यास हलन्त उघडे पडते. मराठीसाठी सॉफ्टवेअर अभियंता संतोष तोट्टिंगल यांचे तोड-नियम (शब्द कुठे तोडावा याचे संगणकीय नियम) उपलब्ध आहेत, पण ते अक्षरसीमा पाहतात, समासाची फोड नव्हे. स्तोत्रे व सामासिक संस्कृत वचने डावीकडेच सरळ ठेवावीत. लग्नपत्रिकेतील मजकूर मध्यसंरेखित असल्याने तिथे हा प्रश्न येत नाही. वेबपानांवर ब्राउझरकडे मराठी तोड-नियम असतील तरच जस्टिफाय करावे.