शिक्षकाचा वर्ण आणि मुलांचे गुण

‘चांगल्या शिक्षकाला मुलाचा रंग दिसतच नाही’ हे वाक्य अमेरिकेतल्या शाळांबद्दल वर्षानुवर्षं फिरतंय. भावना चांगलीच आहे. पण टेनेसी राज्यातल्या एका प्रयोगात १९८५ पासून चार वर्षं मुलं जणू चिठ्ठ्या टाकून वर्गांत वाटली होती (प्रयोग मुळात वर्गाच्या पटसंख्येचा परिणाम पाहण्यासाठी होता). म्हणजे कुणाला कोण शिक्षक, हा निव्वळ योगायोग. तरी कृष्णवर्णीय शिक्षक लाभलेल्या कृष्णवर्णीय मुलांचे गणित-वाचनाचे गुण वर सरकले. एक कारण अपेक्षा: एकाच कृष्णवर्णीय मुलाबद्दल ‘हा कुठवर शिकेल?’ असं वेगवेगळ्या वर्णांच्या दोन शिक्षकांना विचारलं, तर उत्तरं वेगळी येऊ शकतात. पण तेवढ्यावरून दुसऱ्या वर्णाचा शिक्षक वाईट ठरत नाही. अपेक्षा बदलता येते. पडताळायचंय? तासाला मागच्या बाकावर बसा. अवघड प्रश्न कुणाला विचारला, उत्तरासाठी किती सेकंद थांबले, वहीत टिपा.