मेफोची हुंडी

‘हिटलरने ऑटोबान बांधले आणि 60 लाख बेकारांना काम दिले’ हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरतो. 1933च्या सुरुवातीला जर्मनीत साधारण 60 लाख नोंदलेले बेकार होते, तेवढे खरे. पण ऑटोबानच्या, म्हणजे महामार्गांच्या, बांधकामावर अगदी भरात असतानाही सव्वा लाखाच्या आसपासच माणसे होती. कोलोन-बॉन रस्ता तर 1932 मध्येच, हिटलर सत्तेवर येण्याआधी, खुला झाला होता. तेव्हा मंदी ओसरायलाही लागली होती. पुढचा जोर शस्त्रनिर्मितीचा.

त्यासाठी पैसा कुठून आला, ही खरी गंमत. राइशबँकेने, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेने, सरकारला थेट किती कर्ज द्यायचे यावर कायद्याने कडक मर्यादा होती. व्यापारी हुंड्या (मालाचे पैसे ठरल्या मुदतीने देण्याच्या चिठ्ठ्या) मात्र बँक वटवू शकत होती, म्हणजे मुदतीआधीच पैसे देऊन विकत घेऊ शकत होती. राइशबँकेचा अध्यक्ष याल्मार शाख्ट याने नेमकी हीच फट हेरली. 1933 मध्ये क्रुप, सीमेन्स वगैरे चार कंपन्यांच्या नावावर ‘मेफो’ नावाची कागदी कंपनी उभी राहिली. नाव धातुसंशोधनाचे, भांडवल 10 लाख राइशमार्क (तेव्हाचे जर्मन चलन), संशोधन शून्य! कारखानदार तोफा पुरवी आणि मेफोवर हुंडी काढी. मेफो ती स्वीकारी, म्हणजे पैसे देण्याची सही करी. हुंडीवर अशा दोन सह्या झाल्या की ती व्यापारी हुंडी ठरे आणि कुठल्याही बँकेत वटे. त्या बँकेला रोकड हवी असेल तर राइशबँक ती पुन्हा वटवून घेई. मुदत काही महिन्यांची, पण पाच वर्षांपर्यंत वाढवता येणारी. वर 4 टक्के व्याज, म्हणून अनेक बँका हुंड्या स्वतःकडेच ठेवत आणि तेवढ्या नव्या नोटा बाजारात येत नसत. सरकारी कर्जाच्या हिशेबात यातले काहीच दिसत नसे.

1938 पर्यंत अशा सुमारे 12 अब्ज मार्कांच्या हुंड्या निघाल्या. तरी महागाई का भडकली नाही? कामगार संघटना मे 1933 मध्येच मोडल्या होत्या, मजुरी गोठवली होती आणि 1936 पासून किमतीही हुकमाने बांधल्या. याला चमत्कार म्हणायचे असेल तर तो पोलिसांचा.

मुदती भरत आल्या तेव्हा शाख्टने परतफेडीचा आणि काटकसरीचा आग्रह धरला. जानेवारी 1939 मध्ये राइशबँकेच्या संचालकांनी हिटलरला तसे लेखी कळवले. त्याने शाख्टला घरी पाठवले. जूनमध्ये नवा कायदा आला. सरकारला किती कर्ज द्यायचे, हे आता स्वतः हिटलर ठरवणार होता. मेफोच्या आडवळणाची गरजच उरली नाही.